दोन रेषांचा इतिहास

कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात, व्हँकूव्हर शहराच्या पूर्वेस कोक्विटलाम नावाचे नगर आहे. येथील कोणत्याही मोठ्या औषधाच्या दुकानात गेले, म्हणजे एका फळीवर इंग्रजी व फ्रेंच अशा दोन्ही भाषांत मजकूर छापलेल्या लहान पेट्या ओळीने मांडलेल्या दिसतात. त्यांपैकी काही पेट्यांतील पट्टी दिवस राहिले आहेत की नाहीत, हे सांगते. शेजारच्याच पेट्यांतील पट्टी निराळी गोष्ट सांगते, ती म्हणजे दिवस राहण्याची वेळ जवळ आली आहे की नाही. दोन्ही पेट्या दिसण्यात सारख्या, दोहोंत लघवीत बुडवायची कागदी पट्टी, आणि दोहोंत रेषाही दोनच. त्यामुळे घोटाळा होतो.

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात असाच घोटाळा झाला. घरातील तरुण सुनेने आपल्या मावशीला दूरध्वनी करून विचारले, "मावशी, चार दिवस झाले, दुसरी रेषा रोज फिकट उमटते आहे. दिवस राहिले असे समजायचे का गं?" मावशी परिचारिका म्हणून काम केलेल्या. त्या म्हणाल्या, "अगं बाळा, ही ती पट्टी नव्हे. हिच्यात फिकट रेषा म्हणजे नकार. काळजी करू नकोस, पण आनंदाची बातमीही इतक्यात कोणाला कळवू नकोस." त्या मुलीने सासूबाईंना बातमी आधीच कळविली होती. पुढे पाळी आली, तेव्हा घरात जे मौन पसरले, त्याचे दुःख पट्टीच्या चुकीहून मोठे होते.

आपल्या पुष्कळ कुटुंबांत हा विषय उघडपणे बोलला जात नाही. म्हणून प्रस्तुत लेखात या दोन रेषांच्या मागे किती काळाचा व किती माणसांचा इतिहास उभा आहे, ते सांगावे, आणि त्या कशा वाचाव्यात हेही सांगावे, असे योजिले आहे. या इतिहासात बर्लिन आहे, यरुशलेम आहे, मुंबई आहे आणि कोक्विटलामही आहे. त्यात आपल्या बेने इस्राएल समाजाची एक कन्याही आहे.

दिवस मोजण्याची जुनी रीत

स्त्रीला अपत्य केव्हा होऊ शकते, हा प्रश्न मनुष्याने फार पूर्वीपासून विचारलेला आहे. कोकणात ज्यांच्या शेजारी आपले पूर्वज शतकानुशतके राहिले, त्या हिंदू समाजाच्या धर्मशास्त्रात पाळीपासून सोळा रात्री हा ऋतुकाळ मानला आहे. त्यांतील पहिल्या चार रात्री वर्ज्य सांगितल्या आहेत. आपल्या धर्मशास्त्राची मोजणी निराळी आहे. लेवीय पुस्तकातील आज्ञेवरून पुढे जो नियम रूढ झाला, त्याप्रमाणे पाळीचे दिवस, मग सात शुद्ध दिवस, आणि त्यानंतर मिकवेतील स्नान असा क्रम आहे. पाळीचे दिवस पाच धरले, तर हे स्नान बाराव्या दिवसाच्या आसपास येते.

तलमुदाच्या निद्दा नावाच्या भागात या विषयी दोन मते नोंदलेली आहेत. एका मताप्रमाणे स्त्रीला गर्भ राहतो तो पाळीच्या जवळच्या दिवसांत. रब्बी योहानान यांच्या मताप्रमाणे तो राहतो शुद्धिस्नानाच्या जवळच्या दिवसांत. आज शास्त्राच्या आधारे पाहिले, तर रब्बी योहानान यांचे म्हणणे वस्तुस्थितीच्या पुष्कळ जवळ होते. कारण अठ्ठावीस दिवसांचे ऋतुचक्र असलेल्या स्त्रीचे बीज साधारणतः चौदाव्या दिवशी सुटते. तथापि सर्व स्त्रियांचे चक्र अठ्ठावीस दिवसांचे नसते. ज्यांचे चक्र आखूड, त्यांचे बीज स्नानाच्या आधीच सुटून जाते, आणि शरीरात काहीही दोष नसता त्या निपुत्रिक राहतात. इस्राएलमधील डॉक्टरांना अशा स्त्रिया आजही भेटतात, आणि बीज सुटण्याचा दिवस औषधाने थोडा पुढे ढकलून त्यांना मदत करता येते.

जुन्या काळी हे कोणास ठाऊक असणार? मूल झाले नाही की नवस केला जाई. आपल्या समाजात एलियाहू हन्नाबीच्या नावाने मलिदा मानला जाई, आणि पुत्र झाल्यास काही वर्षे त्याचे केस न कापण्याचा नाझीराचा नवसही बोलला जाई. नवसाची थट्टा करण्याचा आमचा हेतू नाही. आशा धरण्याचा तो एक मार्ग होता. वाईट होता तो त्याच्या जोडीला येणारा निवाडा. मूल नाही म्हणजे दोष बाईचा, हे आधीच ठरलेले असे. सारा, राहेल आणि हन्ना यांच्या कथा आपण ऐकतो, तेव्हा त्यांच्या प्रार्थनेइतकेच त्यांना ऐकावे लागलेले टोमणेही ध्यानात ठेवावेत.

शास्त्राची चूक आणि दुरुस्ती

युरोपातील शास्त्रज्ञांनाही हा उलगडा लवकर झाला नाही. १८२७ साली कार्ल एर्न्स्ट फोन बेअर यांनी सस्तन प्राण्याचे बीज प्रथम सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले. पण ते बीज केव्हा सुटते, याविषयी एकोणिसाव्या शतकातील नामांकित वैद्यांची समजूत साफ चुकीची होती. पशूंच्या माजावर येण्यावरून त्यांनी असे अनुमान काढले की, स्त्रीचे बीज पाळीच्या सुमारासच सुटते. परिणामी मूल हवे असणाऱ्यांना आणि नको असणाऱ्यांना, दोघांनाही, कित्येक दशके उलटा सल्ला मिळत राहिला.

ही चूक दुरुस्त केली ती दोघांनी, एकमेकांस न कळत. जपानमधील निगाता येथील डॉक्टर क्यूसाकू ओगिनो यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी स्त्रियांचे बीजकोश बारकाईने पाहून १९२४ साली असे मांडले की, बीज सुटते ते पुढील पाळीच्या आधी बारा ते सोळा दिवसांच्या दरम्यान. ऑस्ट्रियातील हेर्मान क्नाउस हे थोड्याच वर्षांत निराळ्या वाटेने जवळपास त्याच निष्कर्षास पोहोचले. ओगिनो यांच्या शोधातील मर्म वाचकांनी नीट लक्षात घ्यावे. मोजणी मागील पाळीपासून नव्हे, तर येणाऱ्या पाळीपासून उलटी करावयाची असते. पण येणारी पाळी केव्हा येईल, हे आधी कसे कळावे? चक्र नियमित असेल तर अंदाज बांधता येतो, अनियमित असेल तर तो फसतो. शरीरातील एखादी खूणच आधी इशारा देईल, अशी सोय हवी होती.

बर्लिनहून यरुशलेमला

ती खूण सापडण्याची कथा बर्नहार्ड झोंडेक या ज्यू डॉक्टरांपाशी सुरू होते. बर्लिन येथे झेल्मार आश्हाइम यांच्यासमवेत त्यांनी १९२७-२८ साली गर्भधारणेची पहिली विश्वसनीय प्रयोगशाळेतील परीक्षा सिद्ध केली. स्त्रीची लघवी लहान उंदराच्या मादीला टोचावयाची आणि काही दिवसांनी तिचे बीजकोश तपासावयाचे, अशी ती रीत होती. दर परीक्षेस उंदरांचा बळी जाई आणि उत्तरास चार-पाच दिवस लागत. पण या कामातून एक मोठी गोष्ट उघड झाली. मेंदूच्या तळाशी असणारी वाटाण्याएवढी पियुषिका ग्रंथी ही बीजकोशांना हुकूम देणारी आहे, आणि तिचे हुकूम दोन प्रकारचे असावेत, असे झोंडेक यांनी मांडले. त्यांतील एक बीज पिकविणारा आणि दुसरा पिकलेल्या बीजाच्या पुढील अवस्थेचा. पुढे या दुसऱ्या संप्रेरकालाच ल्युटिनायझिंग हार्मोन, थोडक्यात एल. एच., हे नाव मिळाले. आज आपल्या हातातील पट्टी मोजते ते हेच.

१९३३ साली नाझींनी सत्ता हाती घेताच झोंडेक यांना बर्लिनमधील पदावरून काढून टाकण्यात आले. स्वीडनमार्गे ते १९३४ साली यरुशलेमला आले आणि हदास्सा रुग्णालयात स्त्रीरोग विभागाचे प्रमुख झाले. तेथे त्यांनी १९६१ पर्यंत काम केले. सहकारी आश्हाइम यांनाही जर्मनी सोडून फ्रान्सला जावे लागले. ज्या देशाने मातृत्वाचे एवढे मोठे कोडे सुटताना पाहिले, त्याच देशाने ते सोडविणाऱ्यांना वंशाच्या कारणावरून हाकलून लावले, ही गोष्ट आपण विसरता कामा नये.

मुंबईची कामा आणि झिराडची कन्या

याच सुमारास मुंबईत काय चालले होते? १९२१ साली रघुनाथ धोंडो कर्वे यांनी संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, आणि १९२७ च्या जुलैपासून ते 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढू लागले. शरीराविषयी मराठीत स्पष्ट लिहिणे हाच तेव्हा गुन्हा समजला जाई, आणि त्यापायी कर्वे यांच्यावर खटलेही झाले. १९५३ साली त्यांचे निधन होईपर्यंत त्यांनी ते मासिक नेटाने चालविले.

१९२८ साली मुंबईच्या कामा रुग्णालयाच्या अधीक्षकपदी डॉ. जेरुशा झिराड यांची नेमणूक झाली. १८९० साली शिमोगा येथे जन्मलेल्या जेरुशाबाई आपल्या समाजातील. अलिबागनजीकच्या झिराड गावाचे नाव त्यांच्या आडनावात आहे. ग्रँट मेडिकल कॉलेजात शिकून त्या सरकारी शिष्यवृत्तीवर लंडनला गेल्या आणि तेथून प्रसूतिशास्त्र व स्त्रीरोगशास्त्र यांतील एम. डी. ही पदवी घेऊन परतल्या. कामा रुग्णालयाची धुरा त्यांनी १९४७ पर्यंत वाहिली. मुंबई शहरातील बाळंतिणींच्या मृत्यूंची कारणे शोधण्यासाठी त्यांनी केलेली चौकशी पुढे आधारभूत ठरली. १९५० साली प्रसूती व स्त्रीरोगतज्ज्ञांचा अखिल भारतीय महासंघ उभा राहिला, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. १९६६ साली त्यांना पद्मश्री मिळाली, आणि १९८३ साली त्या निवर्तल्या.

जेरुशाबाईंनी बीज सुटण्याची परीक्षा शोधून काढली नाही. मग त्यांचे नाव येथे का घ्यावे? कारण कामा रुग्णालय स्त्रियांनी स्त्रियांवर उपचार करावेत या हेतूने १८८६ साली उघडले गेले होते. पुरुष डॉक्टरासमोर जी तक्रार ओठांवर येत नसे, ती तेथे बोलता येई. कोणतेही शास्त्र स्त्रीच्या उपयोगी पडावयाचे, तर आधी तिला आपला प्रश्न कोणासमोर तरी विचारता आला पाहिजे. त्या पिढीतील स्त्री-डॉक्टरांनी ही पहिली अट पुरी केली.

कोक्विटलामचे एक दुःखद प्रकरण

आता ज्या नगरापासून लेखाचा आरंभ केला, तेथे परत येऊ. कोक्विटलामला फार जुन्या वृक्षांच्या छायेत एक मोठे आवार आहे. तेथे १९१३ साली एसनडेल नावाचे मनोरुग्णालय सुरू झाले. पुढे त्याचे नाव रिव्हरव्ह्यू झाले, आणि २०१२ साली ते बंद झाले. १९३३ साली, म्हणजे ज्या वर्षी झोंडेक यांना बर्लिन सोडावे लागले त्याच वर्षी, ब्रिटिश कोलंबियाच्या विधिमंडळाने निर्बीजीकरणाचा कायदा संमत केला. प्रांताच्या संस्थांत ठेवलेल्या ज्या रुग्णांना मुले होऊ नयेत असे अधिकाऱ्यांना वाटे, त्यांच्यावर एका त्रिसदस्य मंडळाच्या संमतीने शस्त्रक्रिया होऊ लागली. एसनडेलमधील रुग्ण, आणि त्यांतही विशेषेकरून स्त्रिया, या कायद्याच्या बळी झाल्या. तो कायदा रद्द झाला १९७३ साली. १९४० ते १९६८ या काळात अशी शस्त्रक्रिया झालेल्या नऊ स्त्रियांना, सरकारविरुद्ध दावा लावल्यावर, २००५ साली तडजोडीने भरपाई मिळाली. गेलेले मातृत्व अर्थातच परत मिळाले नाही.

हे प्रकरण सांगण्याचे कारण असे. गर्भधारणेविषयीचे ज्ञान स्वतः चांगले किंवा वाईट नसते. ते कोणाच्या हाती आहे, यावर सर्व अवलंबून असते. सासरच्या मंडळींनी निवाडा दिला, सरकारी मंडळाने निवाडा दिला. दोन्ही वेळी जिचे शरीर, तिलाच कोणी विचारले नाही. औषधाच्या दुकानातील त्या लहान पेटीचे खरे महत्त्व येथे आहे. तिने ही खूण वाचण्याचे साधन स्त्रीच्या स्वतःच्या हाती दिले.

प्रयोगशाळेतून घरात

एल. एच. हे संप्रेरक रक्तात अत्यल्प प्रमाणात असते. ते मोजणार कसे? न्यूयॉर्क येथील रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन या ज्यू शास्त्रज्ञांनी १९५९-६० च्या सुमारास किरणोत्सर्गी खुणेच्या साहाय्याने रक्तातील सूक्ष्म द्रव्ये मोजण्याची पद्धत घडविली. १९६६ पर्यंत त्या पद्धतीने एल. एच. ही मोजता येऊ लागले. बर्सन १९७२ साली वारले, आणि यॅलो यांना १९७७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. या मोजणीतून स्पष्ट झाले की, महिनाभर मंद असणारे एल. एच. मध्यावर अचानक उसळी मारते, आणि त्या उसळीनंतर सुमारे चोवीस ते छत्तीस तासांत बीज सुटते. हाच तो शोधला जात असलेला आगाऊ इशारा.

याच काळात इस्राएलमध्ये दुसरी महत्त्वाची घटना घडली. रजोनिवृत्ती झालेल्या स्त्रियांच्या लघवीत पियुषिकेची संप्रेरके विपुल असतात. इटलीतील एका औषध कंपनीने वृद्ध जोगिणींच्या मठांतून अशी लघवी गोळा करून त्यापासून औषध तयार केले. डॉ. ब्रुनो लुनेनफेल्ड यांनी ते इस्राएलमधील, ज्यांचे बीज सुटतच नव्हते अशा, स्त्रियांना दिले, आणि १९६२ साली या उपचाराने पहिले मूल जन्मास आले. ख्रिस्ती जोगिणींच्या साहाय्याने ज्यू मातेची कूस उजवली, असा हा योग.

यॅलो यांची पद्धत प्रयोगशाळेपुरतीच होती. घरी वापरता येईल अशा परीक्षेसाठी आणखी दोन गोष्टी हव्या होत्या. १९७१ साली स्वीडनमध्ये किरणोत्सर्गाऐवजी रंगाने उत्तर देणारी पद्धत निघाली. १९७५ साली केंब्रिज येथे सेझार मिल्श्टाइन व जॉर्जेस क्योलर यांनी एकाच प्रकारची शुद्ध प्रतिपिंडे हवी तितकी तयार करण्याची युक्ती शोधली. अर्जेंटिनातील ज्यू घराण्यात जन्मलेल्या मिल्श्टाइन यांना क्योलर यांच्यासह १९८४ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

घरगुती परीक्षेची कल्पना मात्र शास्त्रज्ञाला नव्हे, तर पेट्यांची चित्रे काढणाऱ्या एका तरुणीला सुचली. मार्गारेट क्रेन ही अमेरिकेतील एका औषध कंपनीत त्या कामावर होती. प्रयोगशाळेत ओळीने लावलेल्या परीक्षानळ्या पाहून तिला १९६७ साली वाटले की, गर्भधारणेची हीच परीक्षा स्त्रीने घरी का करू नये? वरिष्ठांनी विरोध केला. बायका उत्तर ऐकून घाबरतील, डॉक्टर रागावतील, अशी त्यांची भीती होती. अखेर तिचा नमुना स्वीकारला गेला, आणि ती पेटी प्रथम विकावयास आली ती कॅनडातच, १९७१ साली. अमेरिकेत ती येण्यास आणखी सहा वर्षे लागली.

बीज सुटण्याच्या परीक्षेचा सर्वांत प्रसिद्ध उपयोग १९७७ च्या नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये झाला. रॉबर्ट एडवर्ड्स, पॅट्रिक स्टेप्टो आणि जीन पर्डी हे तिघे लेस्ली ब्राउन या स्त्रीची लघवी दर तीन तासांनी तपासून एल. एच. च्या उसळीची वाट पाहत होते. उसळी दिसली, योग्य वेळी बीज काढले गेले, आणि २५ जुलै १९७८ रोजी लुईस ब्राउन ही पहिली परीक्षानळी-बालिका जन्मली. त्याच वर्षी ३ ऑक्टोबरला कलकत्त्यात डॉ. सुभाष मुखर्जी यांच्या प्रयत्नाने दुर्गा जन्मली, पण त्यांच्या हयातीत कोणी त्यांच्यावर विश्वास ठेवला नाही. ६ ऑगस्ट १९८६ रोजी मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या परिश्रमाने हर्षा चावडा हिचा जन्म झाला. पुढे १९९७ साली याच आनंदकुमार यांनी मुखर्जी यांच्या नोंदी वाचून पहिला मान त्यांचा असल्याचे मोकळ्या मनाने जाहीर केले. १९८० नंतरच्या दशकातच घरी वापरावयाच्या एल. एच. च्या पेट्या बाजारात आल्या, आणि पर्डीबाई जे काम दर तीन तासांनी करीत, ते आता कोणाही स्त्रीला न्हाणीघरात करता येऊ लागले.

रेषा कशा वाचाव्यात

पट्टीवरील एका रेषेचे काम केवळ पट्टी नीट चालली, एवढेच सांगण्याचे असते. तिला साक्षीची रेषा म्हणू. ती उमटली नाही, तर ती परीक्षा रद्द समजावी. दुसरी रेषा एल. एच. ची. शरीरात एल. एच. थोडेफार नेहमीच असते, म्हणून ही रेषा फिकट अशी पुष्कळदा उमटते. ती साक्षीच्या रेषेइतकी किंवा तिच्याहून गडद झाली, तरच उसळी आली असे समजावयाचे. गर्भधारणेच्या पट्टीत फिकट रेषाही बहुधा होकार असते. या पट्टीत फिकट रेषा नकार असते. दोन पेट्यांतील मुख्य भेद तो हा.

आरंभ केव्हा करावा? आपल्या चक्राच्या दिवसांतून सतरा वजा करावेत. चक्र अठ्ठावीस दिवसांचे असेल, तर अकराव्या दिवसापासून. बत्तीसचे असेल, तर पंधराव्यापासून. चक्र कमीजास्त होत असेल, तर सर्वांत आखूड चक्र धरावे. परीक्षा रोज एकाच वेळी करावी. उसळीचा आरंभ बहुधा पहाटे होतो आणि लघवीत ती काही तासांनी दिसते, म्हणून पुष्कळ पेट्यांवर दुपारची वेळ सुचविलेली असते. आधी दोन तास फार पाणी पिऊ नये, नाहीतर लघवी पातळ होऊन रेषा फिकट येते. पट्टी पेटीवर सांगितलेल्या मिनिटांतच वाचावी. तासाभराने पाहिलेल्या रेषेला अर्थ नसतो.

होकार आला, तर तो दिवस व पुढील दोन दिवस पतिपत्नींनी एकत्र यावे. पण होकाराचीच वाट पाहत बसणेही बरोबर नाही. १९९५ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २२१ स्त्रियांची निरीक्षणे तपासण्यात आली. गर्भ राहिला तो केवळ बीज सुटण्याचा दिवस आणि त्याआधीचे पाच, अशा सहा दिवसांतच. पुरुषाचे बीज स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत टिकते, स्त्रीचे बीज मात्र एक दिवसही कसेबसे टिकते. म्हणून पाळी संपल्यावर दर दोन-तीन दिवसांनी एकत्र येणाऱ्या दांपत्याला पट्टीविनाही संधी मिळतेच.

पट्टी काय सांगत नाही

पट्टीचा होकार म्हणजे पियुषिकेने हुकूम दिला, एवढेच. बीजकोशाने तो पाळला की नाही, हे पट्टीला कळत नाही. कधी कधी उसळी येऊनही बीज सुटत नाही. बीज सुटल्याची खात्री करावयाची, तर पुढील पाळीच्या सुमारे सात दिवस आधी डॉक्टर रक्तातील प्रोजेस्टेरॉन तपासतात. ज्यांच्या बीजकोशांवर अनेक लहान गाठी होऊन पाळी अनियमित झालेली असते, त्यांचे एल. एच. मुळातच चढे असू शकते, आणि त्यांना दिवसेंदिवस खोटा होकार दिसतो. रजोनिवृत्ती जवळ आलेल्यांचेही असे होते. बीज पिकविण्याच्या काही गोळ्या व इंजेक्शने यांनीही रेषा फसवी येते. अशा भगिनींनी पट्टीवर विसंबू नये, डॉक्टरांस विचारावे. उलट एखाद्या महिन्यात होकार मुळीच दिसला नाही, तर लगेच धीर सोडू नये. उसळी काही स्त्रियांत इतकी अल्पकाळ असते की, दिवसातून एकदा पाहिल्यास ती निसटते.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पट्टी पतीविषयी एक अक्षरही सांगत नाही. मूल न होण्याच्या प्रकरणांत पुरुषाच्या बाजूचे कारण असणे हे मुळीच विरळ नाही. त्याची तपासणी सोपी, स्वस्त आणि वेदनारहित आहे. तरीही आपल्या घरांत ती शेवटी होते, आणि पत्नीला मात्र आधी सर्व दिव्यांतून जावे लागते. दोघांची तपासणी एकाच वेळी व्हावी. पत्नीचे वय पस्तिशीच्या आत असेल, तर एक वर्ष प्रयत्न करून, पस्तिशीनंतर सहा महिने प्रयत्न करून डॉक्टरांकडे जावे. पाळी फार अनियमित असेल, तर तितकेही थांबू नये. कॅनडात आपल्या नेहमीच्या डॉक्टरांच्या चिठ्ठीने तज्ज्ञाकडे जाता येते. ब्रिटिश कोलंबियाच्या सरकारने २०२४ च्या अर्थसंकल्पात परीक्षानळी-उपचाराच्या एका फेरीचा खर्च उचलण्याची घोषणा केली, त्याविषयीही त्यांच्याकडेच चौकशी करावी. जी भगिनी शुद्धिस्नानाचे नियम पाळते आणि जिचे चक्र आखूड आहे, तिने ती गोष्ट डॉक्टरांस व जाणत्या रब्बींस संकोच न करता सांगावी. उपाय बहुधा साधा असतो.

आरंभी ज्या सुनेची हकीकत सांगितली, तिने पुढे काय केले? मावशींनी सांगितल्याप्रमाणे तिने आपल्या दिवसांची वही ठेवली. तीन महिन्यांनी ती पतीसह डॉक्टरांकडे गेली, आणि दोघांनीही तपासणी करून घेतली. तिला मूल झाले की नाही, हे येथे सांगण्याचा आम्हांस अधिकार नाही. ती बातमी तिची आहे. सांगावयाची तेव्हा ती सांगेल. वडीलधाऱ्या मंडळींना एवढीच विनंती की, "काही विशेष?" हा प्रश्न शब्बाथच्या जेवणावर कोणत्याही सुनेला अथवा लेकीला विचारू नये. पट्टी वाचण्याचे काम तिचे आहे. आपले काम तिच्या शेजारी बसण्याचे, आणि तिने बोलावयास आरंभ केला, तर ऐकून घेण्याचे.